संकलनाच्या वहीत कोण मावतं?

कागद प्लास्टिकच्या पिशवीत होते, पिशवी पत्र्याच्या पेटीत आणि पेटी पलंगाखाली. आजोबांनी ती ओढून बाहेर काढली, तेव्हा सून चहाचे कप घेऊन उंबऱ्यातच थांबली. पेटी उघडली की घरात सगळे गप्प होतात, असं ती नंतर म्हणाली. वर होती जमिनीची कब्जेपट्टी, तिच्याखाली जुना सातबारा, मग प्रकल्पग्रस्ताचा दाखला. अगदी तळाशी, घडीवर फाटलेला आणि चिकटपट्टीने जोडलेला एक कागद होता. संकलनाचा उतारा.

वारणेच्या खालच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात वसवलेली ही वसाहत. घरं ओळीत, रस्ते सरळ, मध्ये देऊळ. मूळ गाव चांदोलीच्या जंगलात राहिलं. त्याचं नाव मात्र इथे आलं आणि पुढे 'वसाहत' हा शब्द जोडला गेला. आजोबांनी उताऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यात माझा बाप हाय. मी न्हाई."

'संकलन' हा सरकारी शब्द या घरांमध्ये चुलीपर्यंत पोचला आहे. 'आमचं संकलन झालंय', 'धाकट्याचं अडकलंय', असं इथे लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगितलं जातं. खरं तर ती एक वही आहे. एकेका खातेदाराच्या नावापुढे त्यात त्याची गेलेली जमीन, मिळालेला मोबदला, पात्र क्षेत्र, प्रत्यक्ष दिलेली जमीन आणि बाकी मांडलेली असते. राज्याच्या पुनर्वसन कायद्याप्रमाणे पर्यायी जमीन हवी असेल, तर मोबदल्यातले ६५ टक्के सरकारकडे भरावे लागतात. त्याचीही नोंद तिथेच होते. माणसाला काय मिळायचं आणि काय नाही, ते या एका ओळीवर ठरतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'मोजमाप' हा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा ही वही आठवली. जंगल किती राखलं, पाणी किती साठवलं, वाघ किती झाले हे आपण सांगू शकतो. हे सगळं करताना कुणाच्या पदरात काय पडलं, कुणाचं काय गेलं, हे मोजायची आपल्याकडे कोणती रीत आहे? जगभर यावर आता बरीच चर्चा चालू आहे. मला ते शिराळ्यात जाऊन बघायचं होतं, कारण या एका तालुक्यात धरण, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प आणि जागतिक वारसा हे सगळं एकाच खोऱ्यात, त्याच त्या माणसांवर, एकामागून एक येऊन पडलं आहे.

खालून वर

शिराळ्याहून कोकरूड, शेडगेवाडी, चरण, आरळा करत मणदूरकडे निघालं की तासा-दीड तासात तीन वेगळे मुलूख दिसतात. आधी ऊस आणि सोयाबीन. मग भाताची खाचरं, त्यांच्या बांधावर उभे आंबे-फणस. शेवटी वारणावती, धरणाची वसाहत, आणि तिच्यामागे एकदम उंच, काळसर हिरवा सह्याद्री. उजवीकडच्या डोंगरावर गुढे-पाचगणीचं पठार आणि पवनचक्क्या. डावीकडे नदी, पलीकडे शाहूवाडी तालुका, म्हणजे कोल्हापूर जिल्हा.

चांदोलीचं धरण मातीचं आहे. त्याच्या जलाशयात, वसंतसागरात, ३४.४० टीएमसी पाणी मावतं. घाटमाथ्यावर पाऊस असा की पाथरपुंजचं नाव दर पावसाळ्यात राज्याच्या सर्वाधिक पावसाच्या बातमीत असतं. पण याच तालुक्याचा उत्तरेचा भाग अनेक वर्षं टँकरची वाट बघत होता. धरण उशाला आणि घसा कोरडा. त्या भागासाठी वाकुर्डे बुद्रुक उपसा सिंचन योजना आली, वारणेचं पाणी पंपाने उचलून वर चढवायचं ठरलं, आणि ते शेतापर्यंत पोचायला माणसांची उमर गेली.

तालुक्याची सरासरी काढली, तर शिराळा हा पाण्याने समृद्ध तालुका ठरेल. म्हणून सरासरीवर माझा विश्वास नाही. मणदूरचा पाऊस आणि वाकुर्ड्याची तहान बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. न्याय मोजायचा असेल तर पहिली गोष्ट ही की बेरीज फोडावी लागते. वाडीनिहाय, खात्यानिहाय, घरानिहाय, आणि जमलं तर घरातल्या माणसानिहाय.

सागाच्या झाडावरचा झेंडा

कोकरूडच्या अलीकडे बिळाशीचा फाटा लागतो. मी मुद्दाम आत वळलो. १९३० साली मिठाचा सत्याग्रह चालू होता. समुद्र नसलेल्या मुलखाने तेव्हा जंगलाचा कायदा मोडला. बिळाशीच्या लोकांनी राखीव जंगलातला साग तोडला, त्यावर तिरंगा चढवला आणि त्याचा पहारा केला. त्या पहाऱ्यात बायका पुढे होत्या. सप्टेंबरात पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं गेली.

स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत हे शौर्य म्हणून येतं आणि ते आहेच. मला त्यामागचं गाऱ्हाणं महत्त्वाचं वाटतं. १९२७च्या भारतीय वन कायद्याने जंगलाची मालकी पक्की केली होती. चराईला फी होती, लाकडाला परवाना होता, आणि गुरं राखीव हद्दीत शिरली की कोंडवाडा होता. जंगल राखू नये असं बिळाशीचं म्हणणं नव्हतं. आम्हाला न विचारता राखलं, असं होतं. आज जे शास्त्र सामाजिक न्याय मोजतं, ते तीन गोष्टी तपासतं. लाभ आणि भार कसा वाटला गेला? निर्णय घेताना कुणाला विचारलं? आणि ज्यांना विचारलं नाही, त्यांचं अस्तित्व, त्यांचे देव, त्यांचं ज्ञान मुळात मानलं का? वाटप, विचारपूस आणि मान्यता. बिळाशीचं भांडण या तिन्हींचं होतं.

पाट दिसतो, सावली दिसत नाही

धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त हे दोन शब्द या खोऱ्यात जवळजवळ एका श्वासात उच्चारले जातात. दोघांचंही गाव गेलं. तरी त्यांच्या प्रश्नात एक मोठा फरक आहे आणि तो समजायला मला वेळ लागला.

धरणाला लाभक्षेत्र असतं. पाट जिथून जातो, तिथली जमीन भिजते, ऊस होतो, पैसा येतो. ज्याला लाभ झाला तो डोळ्यांनी दिसतो. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला, तो पुढे १९८६ आणि १९९९ साली नव्याने झाला. त्याचा गाभा मला आजही फार न्याय्य वाटतो. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याला, ज्याची जमीन त्या पाण्याने भिजली त्याच्याकडून थोडी जमीन काढून द्यायची. ठरावीक क्षेत्रापेक्षा जास्त जमीन असलेल्या लाभधारकाकडून हिस्सा घ्यायचा, त्याला लोक 'स्लॅब' म्हणतात. म्हणजे लाभ आणि भार एकाच तराजूत घालायचे. तो प्रत्यक्षात आणताना कोर्टकचेऱ्या झाल्या, मिळालेल्या जमिनी कधी मुरमाड निघाल्या, कधी क्षारपड. तरी तराजू होता.

अभयारण्याला पाट नसतो. चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. ३१७.६७ चौरस किलोमीटर. त्याचा लाभ कुणाला? खोऱ्यात झिरपणाऱ्या पाण्याला, नदीकाठच्या ऊसकऱ्याला, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पर्यटकाला, हवेला, उद्याच्या पिढीला. म्हणजे सगळ्यांना, थोडा थोडा. आणि ज्याचा लाभ सगळ्यांना थोडा थोडा होतो, त्याची किंमत कुणाकडूनच मागता येत नाही. भार मात्र झोळंबी, गोठणे, निवळे, रुंदिव, ढाकाळे अशा मोजक्या गावांवर अख्खा पडतो. म्हणून अभयारण्यग्रस्तांना जमीन देताना 'ती आणायची कुठून' हा प्रश्न सुटत नाही. अलीकडच्या वर्षांतही चांदोलीची माणसं श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली कोल्हापुरात ठिय्या देऊन बसली. गाव सोडलं तेव्हा ज्यांच्या मिशा फुटल्या नव्हत्या, ते आता नातवाला मांडीवर घेऊन बसतात.

एक शब्द बदलला की काय होतं, हेही इथेच कळतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक आहे. अभयारण्य घोषित करताना जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते आणि काही हक्क चालू ठेवायला वाव असतो. राष्ट्रीय उद्यानात गुरांचा एक खूरसुद्धा चालत नाही. शहरातल्या वाचकाला ही बढती वाटेल. म्हैस राखणाऱ्या माणसाला ती त्याच्या धंद्याची अखेर असते.

२०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातली चार होती आणि चांदोली त्यांतलं एक. वारशाची पाटी बघताना मला आजोबांची पेटी आठवत होती. वारसनोंद दोन्हीकडे आहे, पण आजोबांची अजून लागायची आहे.

खातं, चूल, माणूस

आता त्या ओळीकडे परत येतो. 'ह्यात माझा बाप हाय, मी न्हाई.'

समजा, एका खातेदाराची चार एकर जमीन गेली. मोजणी झाली तेव्हा त्याला चार मुलगे आणि तीन मुली होत्या. वहीत ओळ एक. जमीन मिळेपर्यंत पंचवीस वर्षं लोटली. मुलांची लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या, एक मुलगी नवऱ्याने टाकली म्हणून माहेरी आली, धाकटा गिरणीकामाला मुंबईला जाऊन परत आला. वहीत ओळ अजूनही एकच. जी जमीन मिळाली ती भावांत वाटली, तर एकेकाला खाटेएवढी येते. कार्यालयाच्या तक्त्यात हा खातेदार 'पूर्ण पुनर्वसित' आहे. तक्ता खोटा नाही, आणि घरातलं दारिद्र्यही खोटं नाही. दोघांचं माप वेगळं आहे.

वाड्या-वस्त्यांवर फिरताना मला पटत गेलं की सगळा झगडा मापाच्या एककाचा आहे. खातं मोजलं तर ज्याच्या नावावर जमीन तोच दिसतो. कुटुंब मोजलं तर चूल दिसते. माणूस मोजला तर त्या चुलीपुढची बाई दिसते.

कायदे हळूहळू खात्याकडून माणसाकडे सरकले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांसाठी केंद्राने २००८ साली कुटुंबामागे १० लाख रुपये ठरवले, २०२१ साली ते १५ लाख झाले. तिथे अठरा वर्षांवरचा मुलगा, त्याचं लग्न झालेलं असो की नसो, वेगळं कुटुंब धरला जातो. २०१३च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांना स्वतंत्र कुटुंब मानलं. ही वाक्यं कायद्यात यायला किती मोर्चे लागले असतील! पण चांदोलीतली बहुतेक माणसं त्याआधीच उठली होती. ज्या वर्षी गाव उठलं, त्या वर्षीचं माप लागलं. माहेरी परतलेल्या त्या बाईला ओळ नाही.

खात्यापलीकडचं मोजायची एक जुनी, आपली, सांगली जिल्ह्यातलीच रीत आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधलं. दुष्काळाच्या काळात नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते. ती थोडी विकून लोकांनी पैसा उभा केला. मुक्ती संघर्ष चळवळ आणि अभियंते के. आर. दाते त्यांच्यासोबत होते. त्या धरणाचं पाणी जमिनीच्या क्षेत्रावर वाटायचं नाही, असं ठरलं. प्रत्येक कुटुंबाला सारखं. ज्याला जमीन नाही, त्यालाही. भूमिहीनाला पाणी कशाला, असं विचारणारे होते. तो खंडाने शेत करेल, कुणाशी वाट्याने करेल, पण नदीवरचा त्याचा हक्क त्याचा त्याच्यापाशी राहील. समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढे कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांत पसरली, ती या मापावर उभी राहून. डॉ. भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट यांचं कासेगाव शिराळ्यापासून फार लांब नाही. जगात 'समन्याय कसा मोजावा' यावर जाडजूड अहवाल निघण्याच्या कितीतरी आधी येरळेच्या कोरड्या पात्रात ते मोजून झालं होतं.

सातबारा नसलेल्यांचा पुरावा

खुंदलापूरकडे जाताना वाट जंगलाला घासून जाते. धनगरवाडा म्हणजे पाच-पंचवीस घरं, मातीच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, दावणीला म्हशी. अंगणात बसलेल्या काकांना मी विचारलं, किती वर्षं झाली इथे? ते म्हणाले, "आमच्या देवाला इचारा." देव म्हणजे झाडाखालचे शेंदूर लावलेले दगड.

त्यांना चटकन उत्तर देता येत नाही, आणि कायदा नेमका हाच प्रश्न विचारतो. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मानले, तो फार मोठा कायदा आहे. आदिवासींसाठी त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरे. महाराष्ट्रातला धनगर मात्र अनुसूचित जमातीत येत नाही. तो 'अन्य पारंपरिक वननिवासी' ठरतो, आणि त्याने त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करायची असते.

२००५मधून ७५ वजा करून बघा. १९३० येतं. बिळाशीच्या सत्याग्रहाचं साल. ज्या काळात इंग्रज सरकार याच जंगलातून माणसांना हाकत होतं, त्या काळात आपण इथे होतो याचा कागद आज दाखवायचा. ज्याला तेव्हा नोंदवलंच नाही, तो ती नोंद कुठून आणणार?

कायद्याच्या नियमांनी एक फट ठेवली आहे. गावातल्या जाणत्या माणसांचं म्हणणं, जुन्या विहिरी, स्मशानं, देवस्थानं हेही पुरावे धरता येतात. म्हणजे 'आमच्या देवाला इचारा' हे काकांचं उत्तर कायद्याच्या चौकटीत बसतं! ते कुणीतरी तिथे बसून लिहून घ्यायला हवं, ग्रामसभेत वाचायला हवं, वर पाठवायला हवं. असे दावे वर जातात आणि बाहेर येतात ते एका ओळीचा शेरा घेऊन: पुरावा अपुरा. ते देवाचे दगड बघायला वर कुणी आलं होतं का, हे त्या शेऱ्यात नसतं.

संकलनाच्या वहीत आणखीही काही मावत नाही. डोंगरउतारावर दर काही वर्षांनी जागा बदलून पिकवलेली वरी आणि नाचणी. हिरडा, मध, शिकेकाई, करवंदं. रानात फुकट चरणारी म्हैस. बाळंतिणीला कुठला पाला द्यायचा ते जाणणारी म्हातारी. जमिनीचा मोबदला मिळाला तरी वर्षाचे चार महिने ज्याच्यावर निघत, त्या या सगळ्याचा मोबदला शून्य. पायलीभर धान्य मापताना खाली सांडलेलंही झाडून पदरात घेतात. इथे सांडलेलंच जास्त होतं.

बफरमधली रात्र

गाभ्याभोवतीच्या पट्ट्याला बफर म्हणतात, आणि बफरमधल्या माणसाला उठवत नाहीत. तो राहतो. त्याचं काय होतं, हे मणदूरच्या वरच्या अंगाला एका माळ्यावर रात्र काढून बघितलं.

माळ्यावर पत्र्याचा डबा, बॅटरी, घोंगडं. खाली भाताचं खाचर, लोंब्या भरलेल्या. साडेअकराच्या सुमाराला डुकरं आली, दीडनंतर गवे. गवे आधी दिसत नाहीत, त्यांचा श्वास ऐकू येतो. माझ्या शेजारच्या दादांनी डबा वाजवला, आरोळी दिली, पलीकडच्या माळ्यावरून दुसरी आरोळी आली, मग तिसरी. कळप सावकाश वळला. पहाटेपर्यंत हे चार वेळा झालं. सकाळी ते धारा काढायला गेले आणि मी झोपलो. सुगीत हे दोन महिने, रोज.

नुकसान झालं तर भरपाई आहे. तीन दिवसांत अर्ज, मग पंचनामा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार आता २५ लाख रुपये देतं, ही रक्कम मागच्या काही वर्षांत बरीच वाढली आणि ते योग्य झालं. पण पंचनाम्यात खाल्लेलं पीक मोजलं जातं. राखून वाचवलेलं पीक मोजलं जात नाही. त्या दादांच्या साठ रात्रींची झोप, त्यांच्या बायकोने एकटीने सांभाळलेलं घर, माळ्यावर बापासोबत आलेला आणि सकाळी शाळेत पेंगणारा मुलगा, याला रकाना नाही. ज्याने अजिबात राखण केली नाही त्याला भरपाई जास्त, आणि जो रात्रभर जागला त्याला काही नाही, असंही होतं. मग काहीजण शेत पडीकच टाकतात. पडीक जमिनीचा पंचनामा होत नाही.

बफरच्या गावांसाठी राज्याने २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना चालवली आहे. गावाची परिस्थितिकीय विकास समिती असते, गॅस, दुभती जनावरं, कुंपण अशी कामं होतात. गॅस आलेल्या घरात बाईचा जंगलातला फेरा कमी होतो हे मी बघितलं. पण टाकी संपल्यावर ती भरायला पैसे नसले की पुन्हा मोळी डोक्यावर येते. किती गॅस वाटले हे मोजणं सोपं आहे. दोन वर्षांनंतर किती घरांत मोळी आली, हे मोजलं तर योजनेचं खरं माप निघेल.

वाघाचं माप आणि माणसाचं

२०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. सह्याद्रीत वाघ पुन्हा नांदावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. माळ्यावरच्या दादांचीही होती, "वाघ आला तर डुकरं आवरंल" असं त्यांचं गणित. त्या वाघिणीच्या गळ्यातला पट्टा ती कुठे आहे ते सांगतो. देशभर दर चार वर्षांनी वाघांची गणती होते, जंगलात कॅमेरे लागतात, पट्ट्यांच्या नक्षीवरून एकेक वाघ ओळखला जातो. दोन वाघांची नक्षी सारखी नसते, म्हणून त्यांची सरासरी कुणी काढत नाही.

इतक्या बारकाईने माणसं कुणी मोजली? व्याघ्र प्रकल्पांच्या कारभाराचं ठरावीक काळाने मूल्यमापन होतं, त्यात स्थानिकांशी संबंध आणि पुनर्वसन हेही बघतात. पण गुण अख्ख्या प्रकल्पाला मिळून पडतात. त्या गुणात धनगरवाडा वेगळा दिसत नाही, वसाहतीतली टाकलेली बाई दिसत नाही.

डिसेंबर २०२२मध्ये मॉन्ट्रिअलला जगातल्या देशांनी २०३०पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरवलं, आणि त्या ठरावात 'न्याय्य कारभार' हे शब्द घातले. मग तो न्याय तपासायच्या पद्धती आल्या. लंडनच्या आयआयईडी या संस्थेने इतरांबरोबर तयार केलेली 'सेज' ही त्यांतली एक. तिची मला आवडलेली गोष्ट साधी आहे. वनखात्याचे लोक, गावातले पुढारी, बायका, गुराखी हे सगळे आधी वेगवेगळे बसतात आणि प्रत्येक प्रश्नाला आपापले गुण देतात. तुम्हाला विचारलं गेलं का? तक्रार केली तर कुणी ऐकतं का? लाभ कुणाला मिळाला? मग सगळे एकत्र येतात आणि गुण शेजारी शेजारी ठेवतात. अधिकाऱ्यांनी जिथे तीन दिले, तिथे बायकांनी शून्य दिलं असेल, तर सरासरी दीड काढायची नसते. ते अंतर का पडलं, यावर बोलायचं असतं. मणदूरच्या समाजमंदिरात हे एकदा तरी व्हावं, असं मला फार वाटतं. गुराख्याने आणि रेंजरने एकमेकांचे आकडे बघावेत.

शिराळ्याची नागपंचमीही मला याच मापाने बघावीशी वाटते. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक व्हायची. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली, आणि २०२५ साली केंद्राने प्रबोधनासाठी २१ नाग पकडायला सशर्त परवानगी दिली. नागाच्या जिवाशी खेळ होऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण नाग बिळातून अलगद काढून, न दुखावता परत सोडण्याचं जे कसब इथल्या घराघरांत होतं, त्या माणसांना संरक्षणाच्या कामात कुठे जागा आहे, हे बंदी घालताना कुणी विचारलं असतं, तर एवढी वर्षं गाव आणि कायदा समोरासमोर उभे राहिले नसते. आज तालुक्यातल्या उसात बिबटे आणि घराघरात साप निघतात. ते पकडायला लागतात ती माणसं हीच.

आजींची यादी

परत निघताना पुन्हा वसाहतीत थांबलो. आजोबा झोपले होते. आजी पडवीत तांदूळ निवडत होत्या. संकलनात त्यांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या सून म्हणून त्या गावात आल्या होत्या. मी सहज विचारलं, वरच्या गावात तुमची शेतं कुठं होती?

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "गाठीचं टेंब," त्या म्हणाल्या. "त्याच्या खालतं वाघझरा. मग आंब्याची पट्टी. पल्याड हिरड्याचा माळ, थितं माजी म्हस व्यायली हुती." मी वही काढली. त्या सांगत गेल्या. पाणंद, ओढा, ओढ्याची बाव, देवाची राई, पोरांना पुरलं ती जागा, भाताची उडवी जिथं रचायचे ते खळं, बायका मोळी उतरवून टेकायच्या तो दगड. एकेका नावाशी त्या थांबत, डोळे मिटून पुढची वाट शोधत आणि चालू लागत. दोन पानं भरली. सून दारात येऊन उभी राहिली. तिने यांतलं एकही नाव पूर्वी ऐकलं नव्हतं.

फाट्यावरची शेवटची गाडी साडेसहाला असते. मी उठलो, चपला घातल्या, अंगण ओलांडलं. मागून हाक आली.

"दादा, एक ऱ्हायलं बघा. पिंपळाचं पाणी. ल्ह्या."

मी परत आलो आणि लिहिलं.